चौथी ओळ

राजीनामा तीन ओळींचा होता,
त्यातली एक 'वैयक्तिक कारणास्तव'.
मिरज स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं विचारलं, कॉपी किती?
बारा वर्षांची सवय. म्हणालो,
दहाच्या पुढं काही स्कीम आहे का?

बारा वर्षं दवाखान्यांच्या भिंतींना टेकून काढली.
मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत,
गुरुवारी विटा.
पेशंट बाकावर, आम्ही भिंतीला,
पाच-सहा टाय, पाच-सहा काळ्या बॅगा.
कंपाउंडर ओरडायचा, 'शेवटचा पेशंट गेल्यावर एमार!'
म्हणजे आजार संपले
की मग औषधं.

नव्वद सेकंद मिळायचे.
तेवढ्यात लिव्हरचं रंगीत चित्र उलगडायचं,
पेनाचं टोक कुठं टेकवायचं ते ट्रेनिंगात शिकवलेलं,
आणि उठताना, 'सर, या महिन्यात तेवढं बघा.'
सर बघायचे.
मग सरांच्या फ्रीजचं, सरांच्या बँकॉकचं,
सरांच्या मुलीच्या केकचं
मी बघायचो.

संध्याकाळी इरगोंडा मगदूमांच्या मेडिकलात वही उघडायची,
कुणी काय लिहिलं, किती पट्ट्या गेल्या.
मगदूम चष्म्यावरून म्हणायचे,
'घेतो तुझं सिरप. खपलं न्हाई तर परत न्यायचं, हां.'
महिनाअखेरीला ते खपलेलं असायचं. कागदावर.
रात्री साडेअकराला ढवळेसाहेबांचा फोन, 'क्लोजिंग किती?'
आयसीयूबाहेर विचारतात तशा आवाजात.

जतच्या स्टँडवर, मे महिन्यात,
एक बाई आली. हातात पिशवी, पिशवीत चिठ्ठी.
माझा टाय बघून म्हणाली,
'सायेब, समद्याचं आठशे चाळीस सांगत्यात.
पाचशेच हायती.
ह्यातलं कुठलं न्हाय घेतलं तर चालंल?'

चिठ्ठीवर पाच ओळी.
चौथी ओळ माझी.
अक्षर ओळखीचं होतं,
त्या अक्षराला मागच्याच महिन्यात
मी मिक्सर दिला होता.

तीनशे पंचावन्नचं सिरप, आंब्याच्या चवीचं,
ज्याच्यावाचून माझ्याखेरीज
कुणाचंच काही अडत नव्हतं.
ते वगळलं असतं
तर तिला पंधरा रुपये उरले असते.

'सगळी घ्यावी लागतील, मावशी.'
हे मी म्हणालो.
जीभ म्हणाली असं लिहून सुटता आलं असतं.
तिनं चिठ्ठीची घडी केली, मग त्या घडीची घडी,
आणि तिची एसटी लागली.

त्या दिवशी मी नोकरी सोडली नाही.
त्यानंतर दोन क्लोजिंग झाली,
एकात इन्सेंटिव्हही बसला,
त्यातून वॉशिंग मशीन घेतलं.
चांगलं चालतं अजून.

आता तासगावात मेहुण्याच्या शेडवर बेदाणा तोलतो.
सौद्याला बॉक्स फोडायचा, मूठभर टेबलावर ओतायचा,
खरेदीदार चावून बघतो, थुंकला तर थुंकला.
मला काही बोलावं लागत नाही.
पहिले काही आठवडे तरीही तोंडातून निघायचं,
'सर, याचे तीन फायदे...'
हमाल हसायचे. शकील अजून 'एमार' म्हणूनच हाक मारतो.
घरी फडताळात डाळीच्या डब्यांखाली
अंजलीनं ते लिव्हर अंथरलंय.
वर तेल सांडलं तरी पुसलं जातं,
कागद भारीतला होता.

परवा माल घेऊन जतला जाणं झालं.
स्टँडवर आता स्टीलची बाकडी आहेत, उन्हात तापतात.
टेम्पोत बसून उगाच आठवत राहिलो.
डॉक्टरांच्या मुलीचा वाढदिवस सतरा नोव्हेंबर,
केक पाइनॅपलचा, अंड्याशिवाय.
बाईला नाव विचारलं नव्हतं.
आजारी ती होती की घरचं दुसरं कुणी,
तेही नाही.